आईने जाळलेले पत्ते

दुबईतल्या आमच्या मराठी मेथडिस्ट मंडळीत नव्या माणसाला आधी चहा मिळतो आणि चहाबरोबर गोष्ट. गोष्ट माझ्या आईची. एके काळी इथे आपल्या लोकांना पाळक नव्हता, उपासना नव्हती, बायबलांवर धूळ बसली होती आणि शुक्रवारच्या सुटीला माणसं जुगार खेळत बसायची. मग एक दिवस सगुणाबाई साळवे स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आल्या, नवऱ्याच्या हातातले पत्ते हिसकावले, पेटत्या गॅसवर टाकले आणि भावाला म्हणाल्या, "ऊठ! देवाने तोंड कशाला दिलंय तुला?" भाऊ उठला, बोलू लागला, आणि पत्त्यांची राख व्हायच्या आत मंडळी जन्माला आली. सांगणारा इथे दम घेतो, नवा माणूस "आमेन" म्हणतो आणि मग त्याच्यापुढे बिस्किटांची बशी येते. मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की बशी यायच्या आधीच माझा हात पुढे जातो. पण मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि त्या दिवशी त्या दारात उभी होते. नेमकं काय झालं ते मला धड सांगता येत नाही, ही माझी जुनी पंचाईत. लिहिताना उलगडेल असं मुलगी म्हणते. बघू.

आम्ही दुबईच्या करामा भागात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. एक हॉल, एक बेडरूम आणि बोळकंडीच्या टोकाला स्वयंपाकघर. हॉलच्या खिडकीतला एसी ट्रॅक्टरसारखा आवाज करायचा, त्यामुळे आमच्या घरात सगळे एक पट्टी वर बोलत आणि पाहुण्यांना वाटे भांडण चाललंय. मूळचे आम्ही तळेगावचे. पप्पा एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये होते, साबणापासून काट्याचमच्यांपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात. आई एका ऑफिसच्या स्विचबोर्डवर बसायची. दिवसभर "होल्ड द लाइन प्लीज" म्हणून म्हणून ती घरीही आम्हाला तसंच थांबवायची. मी काही मागितलं की एक बोट वर करायची, म्हणजे लाइन बिझी आहे. रोजच्या जेवणात खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि कालवण. खुबूस मऊ असतो, स्वस्त असतो, आणि रस्सा छान शोषतो, पण पप्पा पहिल्या घासाला दर वेळी म्हणायचे, "खाल्ल्यासारखं वाटत नाही गं." आई म्हणायची, "मग तळेगावला जाऊन खा." हे आमच्या घरी भोजनाच्या प्रार्थनेनंतरचं दुसरं वचन होतं.

शुक्रवारी मात्र घराचं रूप पालटायचं. दुपारची नमाज सुटली की रस्ता हळूहळू निवांत व्हायचा आणि आमची घंटी वाजायची. आधी शांतवन मामा, आईचा थोरला भाऊ, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. मग समोरच्या फ्लॅटमधले जोशीकाका, पुण्याचे, बायको बाळंतपणाला गेल्यामुळे पोरके झालेले. आणि वसईच्या फिलोमिना आंटी, ज्या रमीत तिन्ही पुरुषांना पुरून उरायच्या. डाव शेंगदाण्यांवर चालायचा. जिंकणाऱ्याने शेंगदाणे खायचे, बस. इतकंच असूनही आईच्या मनात पत्त्यांविषयी काहीतरी टोचत असणार, कारण तळेगावात तिच्या माहेरी पत्ता दिसला की माझे आजोबा हात धुवायला पाठवत. "आमच्यात चालत नाही," ती एकदा म्हणाली तर फिलोमिना आंटी पत्ते पिसता पिसता हसल्या. "अगं बाई, आमचे फादरपण खेळतात. आणि हरतात! तुमच्यात देव एवढा कडक कसा?" आई पदर खोचून आत गेली. आमच्यात देव कडक होता की आमचे आजोबा, हे मलाही तेव्हा कळत नव्हतं.

मामाचं एक दुखणं होतं आणि ते घरात सर्वांना ठाऊक होतं. तो गावी लोकल प्रीचर होता. आमच्या पंथात पाळक नसला तरी परीक्षा दिलेला साधा माणूस उपदेश करू शकतो. मामाने ती परीक्षा लहान वयात दिली होती आणि म्हणे खेड्यापाड्यांत सायकलवर जाऊन असा बोलायचा की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. इथे आला आणि बंद झाला. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायचा, "इथे कोण ऐकतंय?" आणि पान टाकायचा.

त्या शुक्रवारी आईने भाकऱ्या करायला घेतल्या होत्या. ज्वारीचं पीठ तेव्हा आमच्याकडे सणासारखं यायचं. कुणी सुटीवरून परतताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये आणायचं आणि आई ते पुरवून पुरवून वापरायची. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, हा तिचा कायदा. तिने आतून हाक मारली, "अहो, चला, पानं घेतलीत." पप्पा म्हणाले, "हो हो, हा डाव होऊ दे." पुन्हा हाक. मामा म्हणाला, "सगू, यल्ला यल्ला, आलोच." कुणी हललं नाही. मी ताटं घेऊन बोळकंडीत उभी होते, म्हणजे मला एकीकडे तवा दिसत होता आणि दुसरीकडे टेबल. आईने एक भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, आणि ती तशीच, हातात उलथणं घेऊन, माझ्या अंगावरून हॉलमध्ये गेली. उलथण्याने तिने टेबल एका फटक्यात साफ केलं. पत्ते सोफ्याखाली, शेंगदाणे सगळीकडे. "बस झालं आता," ती म्हणाली. "लाज वाटत नाही तुला?"

हे ती मामाकडे बघून म्हणाली. पप्पांकडे नाही. एवढं मी पैजेवर सांगेन.

मामाने मान वर केली. त्याच्या हातात अजून पाच-सहा पत्ते होते, त्याने ते नीट उलटे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "वाटते गं सगू. रोज वाटते." आणि तो रडायला लागला. एवढा धिप्पाड माणूस, खांदे हलवून. जोशीकाका चपला शोधू लागले. फिलोमिना आंटींनी छातीवर क्रूस केला आणि मला खुणेने विचारलं, काय झालं? मला काय ठाऊक! आई उलथणं धरून तशीच उभी. तिच्या चेहऱ्यावर राग होता म्हणावं तर तो उतरला होता आणि त्या जागी काय आलं ते मला ओळखता आलं नाही. मग ती म्हणाली, "रडतोस काय? बोल." मामा उठला आणि लहानपणी पाठ केलेलं एक स्तोत्र म्हणू लागला. आवाज आधी फाटका, मग भरत गेला. एसीच्या घरघरीवरही तो आवाज घरभर पोचला. जोशीकाकांनी चपला पुन्हा काढल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धूर आला. तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती.

झालं ते एवढंच. पुढच्या शुक्रवारी मामा बायबल घेऊन आला आणि त्याच्याबरोबर त्याच्या साइटवरचे दोघे. मग सातव्या मजल्यावरची एक नर्स, मग तिची मैत्रीण, मग शारजाहून एक कुटुंब. आमच्या दारात चपलांचा डोंगर. हॉलमधलं टेबल घडी करून भिंतीला लागलं ते लागलंच. गाण्याआधी मामा एकेकाला नावाने विचारायचा, "तुमच्या आत्म्याचं कसं चाललंय?" ही आमची मेथडिस्टांची जुनी रीत. बैठकीत बसलेल्याने खरं उत्तर द्यायचं, तिथे खोटं बोलायचं नाही. शेजारधर्म म्हणून येणारे जोशीकाका एकदा म्हणाले, "आत्म्याचं ठीक असावं हो, गुडघ्यांचं विचारा." सगळे हसले, पण तेही दर शुक्रवारी यायचे. पप्पाही बसायचे, शेवटी, दाराजवळ. पत्ते त्यांनी बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटावर ठेवले होते. मी ते पाहिले होते, एकूण एक, शाबूत.

आग गोष्टीत कधी शिरली ते मी पकडू शकले नाही. आपला देवाचा अनुभव, म्हणजे साक्ष, सांगायला कुणी उभं राहिलं की आधी आईचं नाव घ्यायचं. पहिल्यांदा "पत्ते उधळले" असं होतं. मग "फेकून दिले" झालं. एके शुक्रवारी ते जळले. आणि पत्ते जळायचे तर ते कुणाचे तरी पापी पत्ते हवेत, शेंगदाण्यांनी भागत नाही, म्हणून हळूहळू माझे पप्पा जुगारी झाले. नंतर ते पगार उडवायला लागले. नर्सच्या मैत्रिणीच्या साक्षीत तर त्यांच्या हातात ग्लाससुद्धा आला. माझ्या पप्पांनी आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नव्हतं. ते आधी हसायचे. लिफ्टमध्ये एक नवा मुलगा त्यांना म्हणाला, "अंकल, मी पण ॲडिक्ट होतो. तुमची स्टोरी ऐकून हिम्मत आली," तर ते त्याला म्हणाले, "छान झालं बेटा." घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

मग गोष्ट तळेगावला पोचली, सुटीवर जाणाऱ्यांच्या तोंडून. पप्पांनी ईस्टरला आजीला ट्रंक कॉल लावला. रिसीव्हरला पप्पांच्या कानाबरोबर माझाही कान होता. आजी ओरडून विचारत होती, "यशवंता, पत्ते सोडलेस ना रे बाबा? मी रोज गुडघे टेकते तुझ्यासाठी." पप्पा म्हणाले, "सोडले आई." दुसरं काय म्हणणार? त्या संध्याकाळी त्यांनी आईकडे लग्नानंतर पहिल्यांदाच काही मागितलं असेल. "सगुणा, एकदा सगळ्यांसमोर सांग ना. शेंगदाणे होते म्हणावं."

आई म्हणाली, "सांगते." पण शुक्रवार येत गेले आणि ती उभी राहिली नाही. मला तिचा राग यायचा आणि लगेच मामाची दया यायची. मामा पुन्हा माणसात आला होता. तो झोपत होता, हसत होता, आजाऱ्यांना भेटायला अल ऐनपर्यंत जात होता. ही सगळी इमारत एका उलथण्यावर उभी आहे आणि ते काढून घेतलं तर काय होईल, ही भीती आईला होती की आणखी काही होतं, कोण जाणे.

मग भारतातून आमच्या पंथाचे अधीक्षक येणार असं ठरलं. रेव्हरंड साहेब मंडळी पाहणार, आणि त्यांचं समाधान झालं तर दुबईतल्या चर्चच्या आवारात आम्हाला शुक्रवारची वेळ मिळवून देणार. घरात आता माणसं मावत नव्हती आणि जिन्यात गर्दी होते म्हणून वॉचमन कुरकुरायला लागला होता. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की साहेबांसमोर गोष्ट खुद्द सगुणाबाईंनीच सांगायची. मामा आदल्या दिवशी येऊन म्हणाला, "सगू, शॉर्टमध्ये सांग. पण आगीचं सांग."

"दादा, आग नव्हती."

"होती गं. मी धूर पाहिला."

तो खोटं बोलत नव्हता. त्याने पाहिला होताच. तो गेल्यावर मी आईच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "आई, तू पत्ते का उधळलेस?"

"भाकऱ्या निवत होत्या म्हणून."

"मग तव्यावरची तशीच टाकून का गेलीस?"

तिचा कणकेतला हात थांबला. पिठाची चिमूट सांडली तर ती बोटाने टिपून घेणारी बाई. भाकरी गरम खाऊ घालायची म्हणून जी रागावते ती भाकरी जळू देत नाही, हे मला कितीतरी दिवस डाचत होतं. "ते मला विचारू नकोस, रूथ," ती म्हणाली. "मला कळलं असतं तर मी केव्हाच कुणाला तरी सांगितलं असतं." आणि तिने बोट वर केलं, लाइन बिझी.

दुसऱ्या दिवशी आमच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. रेव्हरंड साहेब किरकोळ अंगाचे, मऊ आवाजाचे, खुर्चीत पाय जुळवून बसलेले. पप्पा दाराजवळ उभे, नवा शर्ट घालून. मामाने आईला विचारलं, "सगुणाबाई, तुमच्या आत्म्याचं कसं चाललंय?" आई उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी धरला होता. "माझा आत्मा बरा नाही," ती म्हणाली. "मी पत्ते जाळले नाहीत. भाकऱ्या निवत होत्या म्हणून मी टेबल साफ केलं. आमचे हे जुगारी नव्हते. शेंगदाण्यांवर खेळायचे. दारूला त्यांनी कधी हात लावला नाही. दादाला मी जे बोलले ते रागाने बोलले की देवाने बोलवलं, मला समजत नाही. माझी भाकरी जळाली, तेवढं मला ठाऊक आहे." आणि ती बसली.

मी पप्पांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. मामा खाली बघत होता. मला वाटलं, संपलं. मंडळी गेली, जागा गेली. साहेबांनी डोळे मिटले होते. मग ते म्हणाले, "आमेन."

"पाहिलंत?" ते सावकाश बोलू लागले. "एवढं मोठं काम हिच्या हातून झालं आणि ही बाई श्रेय घेत नाही. शिवाय नवऱ्याचा दोष पदराखाली झाकते." खोलीभर आमेन झालं. कुणीतरी हुंदका दिला. मग साहेबांनी आम्हाला सांगितलं की पार पूर्वी, सातासमुद्रापार, घरदार सोडून परमुलखात गेलेल्या आपल्या लोकांत अशीच एक बाई होऊन गेली. त्यांचे पुरुषही पत्ते खेळत बसलेले. तिने पत्ते चुलीत टाकले आणि उपदेश सोडून बसलेल्या आपल्या भाऊबंदाला उभं केलं. तिथून त्या देशात मेथडिस्ट मंडळी वाढली. "आज मी तीच बाई पाहिली," साहेब म्हणाले. मी मामाकडे पाहत होते. साहेब बोलत होते तसे त्याचे ओठही हलत होते, शब्दाला शब्द. ही गोष्ट त्याला परीक्षेपासून पाठ होती. म्हणजे आग तिथून आली होती. आई उलथणं घेऊन आली तेव्हा मामाला ती दिसलीच नसेल, गोष्टीतली ती दुसरी बाई दिसली असेल. आणि तरी तो रडला तो खरा, उठला तो खरा. याचं काय करायचं?

जागा मिळाली. निघताना शारजाच्या काकू पप्पांना म्हणाल्या, "भाऊ, बायको किती सांभाळून घेते हो तुम्हाला." पप्पा म्हणाले, "हो, घेते." सगळे गेल्यावर आई रिकाम्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून राहिली. "मी सांगितलं," ती म्हणाली. "कुणी ऐकलंच नाही."

"मी ऐकलं ना," पप्पा म्हणाले आणि सतरंजीचं दुसरं टोक उचललं.

आजी पुढच्या वर्षी गेली. आपल्या मुलाने पत्ते सोडले याबद्दल देवाचे आभार मानत गेली, असं चुलत्यांनी कळवलं. पप्पा तो दिवसभर गॅलरीत उभे होते.

या गोष्टींना आता किती काळ लोटला. मामा नाही, पप्पा नाहीत. मी लग्न, संसार, शाळेतली नोकरी सगळं पुण्यात उरकून म्हातारपणी पुन्हा इथेच आले आहे, आईला घेऊन, मुलीकडे, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. इतक्या उंचावर की खालचं तळं वाडग्याएवढं दिसतं. सुटीही आता शनिवार-रविवारची झाली. आई व्हीलचेअरवर असते. कधी मला मावशी समजते, कधी सकाळचं दुपारी आठवत नाही, आणि कधी इतकं लख्ख बोलते की मीच गांगरते.

मागच्या महिन्यात मंडळीच्या वर्धापनाला तिला नेलं. नवे पाळक तरुण आहेत, उत्साही. त्यांनी तिला पुढे घेतलं, माइक हातात दिला आणि म्हणाले, "आजी, थोडक्यात सांगा. त्या दिवशी काय झालं?" हॉल खच्चून भरला होता. मरीनाकडे राहणारी नवी जोडपी, त्यांची इंग्रजी बोलणारी पोरं. माझी नात नाओमी माझ्या मांडीवर रेलली होती. आईने माइक दोन्ही हातांनी धरला.

"पत्ते मी नाही जाळले," ती म्हणाली. म्हटलं, पुन्हा तेच, आणि पुन्हा कुणी ऐकणार नाही.

"ह्यांनी जाळले," आई म्हणाली. "यशवंतरावांनी. मी नुसती दारात उभी होते. डाव हे जिंकत होते हो, पण उठले, सगळे पत्ते गोळा केले आणि स्वतःच्या हाताने गॅसवर ठेवले. म्हणाले, खलास. मग दादाला म्हणाले, आता तू बोल. ह्यांनी सुरू केली मंडळी. माझं नाव उगाच घेतात."

आणि असं आमेन झालं की नाओमी दचकली. लोक उभे राहिले. मी आईकडे बघत राहिले. तिचं डोकं गेलं होतं, की डोकं पहिल्यांदा चालवलं होतं तिने? खरं बोलून नवरा सुटला नाही, म्हणून आता असा सोडवत होती? तिचे डोळे माझ्याकडे होते, पण त्यांत मला काही वाचता आलं नाही. नाओमीने कानाशी विचारलं, "आजी, इज दॅट रिअली ट्रू?"

तोवर पाळक माइक घेऊन माझ्यापर्यंत आले होते. "रूथताई, तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही पाहिलंत?"

"हो," मी म्हटलं. "मी दारातच होते. पप्पांनीच जाळले."